मौनीबाबाचा मालक

वाचनालयात येणारी मंडळी त्यांना तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'चूपराव'. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचंही. एकतीस वर्षं एका जागी बसून काय मिळवलंत, असं कुणी विचारलं असतं तर ग्रंथपालांनी वाचनकक्षाकडे बोट दाखवलं असतं. सोळा टेबलं, साठ-पासष्ट खुर्च्या, आणि भर दुपारी सगळ्या भरलेल्या असतानाही भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी अशी शांतता. खुर्च्यांच्या पायांना त्यांनी स्वतः सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवले होते. पंखा जरा करकरला की ते शिडी लावून तेल घालत. कुणी कुजबुजलं तर ते ओरडत नसत. त्यांच्या हाताशी एक फुटाची लाकडी पट्टी असायची. ती टेबलावर एकदाच वाजायची. टक! की सोळाच्या सोळा टेबलं गप्प.

"ही पट्टी ते घरीसुद्धा आणतात," त्यांची बायको म्हणायची. "पिशवीतून आणतात ती वेगळी, आणि डोळ्यात असते ती वेगळी."

तिला विनोद करायची सवय होती आणि त्यांना तो ऐकून न हसायची. संसार चांगला चालला होता.

चार वर्षांपूर्वी बायकोच्या बहिणीकडच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली आणि त्यातलं एक यांच्या पदरात पडलं. राखाडी रंगाचं, पोटाला किंचित पांढरं. बायकोनं त्याचं नाव ठेवलं ढगू. पण ती दिवसभर दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर, आणि हे वाचनालयात. एवढंसं पिल्लू घरी एकटं कसं ठेवणार? ग्रंथपालांनी चिटणिसांना विचारलं. वाचनालयाचे चिटणीस म्हणजे घाबरट पण भला माणूस.

"वाचनालयात कुत्रा? अहो, लोक काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत. एकदा जरी आवाज आला तरी मीच त्याला परत नेऊन सोडेन."

हा शब्द त्यांनी दिला आणि तिथेच पुढचं सगळं ठरलं, असं आता वाटतं.

तिसऱ्या दिवशी ढगू काउंटरखाली एक जुना बूट चघळत बसला होता. एका वाचकानं कौतुकानं खाली वाकून बुटाला हात लावला. ढगू गुरगुरला. पिल्लाचं गुरगुरणं ते केवढं! पण त्या शांततेत ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. चार माना वर झाल्या. ग्रंथपालांनी पट्टी उचलली आणि त्याच्या नाकावर मारली. जोरात नाही. ते कधीच जोरात मारत नसत, हे ते पुढे पुष्कळदा स्वतःला सांगणार होते. पण दर वेळी मारली. घशातून जरा घरघर आली की पट्टी. पंधरा दिवसांत ढगू असा शहाणा झाला, की पट्टी नुसती उचलली तरी पुरे. महिन्याभरानंतर तीही उचलावी लागेना. हात हलला की बस.

सकाळी सर्वांत आधी येऊन चारही वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचून काढणारे एक आजोबा होते. त्यांनी ढगूचं बारसं पुन्हा केलं. "हा तर मौनीबाबा! सर, तुमचा शिष्य शोभतो हो."

तेच नाव पडलं. लोक मुलांना दाखवायला आणत. काउंटरखाली घडी घातलेल्या पोत्यावर मौनीबाबा पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडलेला असायचा. ना भुंकणं, ना गुरगुरणं. कुणी विचारलं तर ग्रंथपाल आपली रीत खुशीनं सांगत. "नाकावर पट्टी. पण लगेच, त्याच क्षणी. उशिरा मारली तर त्याला कळत नाही." आजोबांनी तर ती रीत कागदावर लिहून घेतली होती. त्यांच्या लेकीकडेही कुत्रा होता आणि तो म्हणे जेवताना गुरगुरायचा.

आता बाइंडरबाईंविषयी सांगायला हवं. मंगळवारी आणि गुरुवारी त्या यायच्या. ज्या पुस्तकांची शिवण उसवली, पुठ्ठे निखळले, ती पुन्हा शिवून उभी करायची हे त्यांचं काम. काउंटरमागच्या टेबलावर त्या सुई, मेणाचा तुकडा, दोऱ्याची रिळं आणि खळीची वाटी मांडून बसत. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, हातानं भराभर आणि तोंडानं सावकाश काम करणाऱ्या. त्यांचे वडील एका लाकडाच्या वखारीवर राखणदार होते. ओंडक्यांच्या राशींमध्ये चार कुत्र्यांबरोबर बाई लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

त्या ग्रंथपालांना 'भाऊ' म्हणत. एका मंगळवारी सुई ओवता ओवता त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, याचं काहीतरी दुखतंय."

"कुणाचं?"

"मौनीबाबाचं. सारखं नाक चाटतोय. कुणी जवळ आलं की तोंड फिरवतो. आज तर जांभया देतोय, आणि झोप आलेली नाहीये त्याला."

"उकडत असेल," ग्रंथपाल म्हणाले.

गुरुवारी बाई जरा स्पष्टच बोलल्या. आवाजही थोडा चढला असेल. "भाऊ, बघा तरी एकदा. मी इथे बसते ते त्याला आवडत नाहीये. अंग लाकडासारखं कडक केलंय त्यानं. उजव्या कानाची बाजू भिंतीला लावून बसलाय. मी आज पलीकडे बसू का?"

"गुरगुरला का तो?"

"नाही, पण..."

"मग झालं तर." आणि समोरच्या टेबलावरच्या दोन माना वर झाल्या म्हणून त्यांनी पट्टी उचलली आणि वाजवली. टक.

बाई गप्प बसल्या.

पाऊण तासानं दोऱ्याचं रीळ टेबलावरून घरंगळत कुत्रा आणि भिंतीच्या मधल्या फटीत गेलं. ते उचलायला बाई वाकल्या. ग्रंथपाल तेव्हा पाठ फिरवून कार्डांच्या खणात एक कार्ड शोधत होते. त्यांना ऐकू आलं ते एवढंच: खुर्ची सरकली, आणि बाईंनी श्वास आत ओढला. ते वळले तेव्हा बाईंचा उजवा हात, अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग, कुत्र्याच्या तोंडात होता. मग त्यानं सोडलं आणि तो पोत्यावर परत जाऊन बसला. अर्धवट शिवलेल्या पुस्तकावर रक्ताचे थेंब पडत होते. पडताना त्यांचा आवाज होत होता, इतकी शांतता होती.

आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा ग्रंथपालांचा आवाज वाचनकक्षात चढला.

"तुम्ही काहीतरी केलं असणार! तो उगाच नाही कुणाला चावत!"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डाव्या हातानं त्यांनी पदर गुंडाळला आणि कुणीतरी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलं.

संध्याकाळी चिटणीस आले. त्यांना घाम फुटला होता. "काय झालं नक्की?"

"त्यांचा पाय पडला बहुतेक शेपटीवर," ग्रंथपाल म्हणाले. "किंवा हात टाकला असेल अंगावर. बहुतेक."

त्यांनी 'बहुतेक' दोनदा म्हटलं होतं. चिटणिसांनी शुक्रवारी तीच हकिगत इतरांना सांगितली तेव्हा त्यात 'बहुतेक' एकदाही नव्हतं. ग्रंथपाल शेजारीच उभे होते. एक शब्द काय तो परत घालायचा होता. त्यांनी घातला नाही.

"मग असं करू," चिटणीस म्हणाले, "बाईंना सध्या नको बोलवायला. इतकी वर्षं काम करतात, पण कुत्र्याशी कसं वागावं कळत नाही म्हणजे कमाल आहे. बांधणीचं काम छापखान्याकडे पाठवू."

ग्रंथपालांनी मान डोलावली. पुस्तकावरचे डाग पुसायला गेले तेव्हा ते आणखी पसरले.

दवाखान्यात बाईंना विचारलं, कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का, कधी दिली? बाईंनी ग्रंथपालांना फोन केला. नुसतं एवढंच विचारलं, "भाऊ, तारीख हवीय." त्यांनी घरचा खण उपसला. लसीचं कार्ड सापडलं. तारीख उलटून चार महिने झाले होते. हा तोच माणूस, जो पुस्तक परत यायला आठ दिवस उशीर झाला की स्वतःच्या हातानं पत्र टाकायचा आणि पत्रात 'तारीख' या शब्दाखाली रेघ ओढायचा. त्यांनी फोनवर तारीख सांगितली. पलीकडे बाईंनी ती पुन्हा एकदा म्हणून पाहिली. मग म्हणाल्या, "बरं. म्हणजे इंजेक्शनं सगळी घ्यावी लागतील," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणाल्या, की तुम्हाला सांगायचं नाही?"

या वेळी ती विनोद करत नव्हती.

शनिवारी ते कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. चावल्यावर दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची असते, तसं दवाखान्यातून सांगितलं होतं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी ग्रंथपालांना पाहिलं आणि उठून उभ्या राहिल्या. "सर! ओळखलंत का? परीक्षेच्या वर्षी सहा महिने तुमच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे मी."

त्यांनी ओळखलं नव्हतं. त्यांना वाचकांच्या माना आठवत, चेहरे नाहीत.

डॉक्टरांनी मौनीबाबाच्या तोंडाला जाळी बांधली आणि उजवा कान उलटून आत दिवा धरला. कान लालभडक होता, आतून चिघळलेला, आणि वास असा की ग्रंथपालांनी रुमाल काढला.

"हे महिना-दीड महिना तरी चाललंय, सर. केवढं दुखत असेल. त्या बाई वाकल्या तेव्हा कोणत्या बाजूनं वाकल्या?"

"उजव्या. रीळ तिकडेच पडलं होतं."

"आणि आधी गुरगुरला का?"

"छे! तो गुरगुरतच नाही," ग्रंथपाल म्हणाले. सवयीनं त्यांच्या आवाजात कौतुक उतरलं.

डॉक्टरांचा हात थांबला. "कधीच नाही? पहिल्यापासून?"

"लहानपणी गुरगुरायचा. ती खोड मी मोडली."

"कशी?"

त्यांची कापडी पिशवी खुर्चीला अडकवलेली होती. पट्टीचं टोक पिशवीतून बाहेर डोकावत होतं. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं.

"सर, तीच पट्टी?"

खोलीत आता दोनच आवाज होते: पंख्याचा, आणि कुत्रा जाळीच्या आत नाक चाटत होता त्याचा.

"इकडे बघा," डॉक्टर म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय ना? तोंड मिटलंय घट्ट. अंग ताठ. तो आत्ता मला सांगतोय की लांब हो. दुसरा कुत्रा असता तर गुरगुरला असता आणि मी हात काढून घेतला असता. गुरगुरणं म्हणजे वाईट वागणं नाही सर, चावावं लागू नये म्हणून करतात ते. भीती तशीच राहिली, दुखणं तसंच राहिलं. फक्त सांगायची सोय तुम्ही बंद केलीत."

"मी जोरात मारत नव्हतो."

"नसालच." त्यांनी कानात औषध घातलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, "मला एकदा तुमच्या वाचनालयात उचकी लागली होती. तुम्ही पट्टी वाजवलीत. उचकी नाही थांबली सर. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले, थांबेपर्यंत. वाचायचं राहिलं त्या दिवशी."

घरी येताना मौनीबाबा त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होता, पट्टा सैल, मान खाली. ग्रंथपालांनी पहिल्यांदाच लक्ष देऊन पाहिलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि कुत्र्यानं डोळे मिटून घेतले. मारण्याआधी मिटतात तसे. मग काही झालं नाही म्हणून उघडले.

चार वर्षं तो असे डोळे मिटत असणार. चार वर्षं ते पिशवी या हातातून त्या हातात घेत होते.

रविवारी ते बाईंच्या घरी गेले, एकटेच. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, जिन्यापासूनच खळीचा वास. आतल्या खोलीत पुठ्ठे दाबायचा लोखंडी प्रेस, आणि खिडकीशी आरामखुर्चीत बाईंचे वडील. ऐंशी उलटलेले, कानानं पार गेलेले. बाई उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं कागदाच्या घड्या घालत होत्या. घड्या वाकड्या येत होत्या.

"बसा भाऊ."

ते बसले नाहीत. सूचनाफलकावर लावायचा मजकूर ते आधी मनात पक्का करत, तशी त्यांनी वाक्यं पाठ करून आणली होती. "बाई, चूक माझी आहे. त्याचा कान आतून पिकला होता. आणि गुरगुरायचं मीच त्याला..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पट्टीचं. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. तुम्ही खुर्चीतून उठलात की तो मान खाली घालायचा. मालक उठला की कुत्र्याची शेपटी हलते हो, भाऊ. मान नाही खाली जात."

"मग बोलला का नाहीत?" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि निघताक्षणी त्यांना ते परत गिळावंसं वाटलं.

"बोलले की. दोनदा." बाईंनी एक घडी उलगडून पुन्हा घातली. "दुसऱ्यांदा तुम्ही पट्टी वाजवलीत."

खिडकीशी आवाज झाला. "कोण आलंय गं?" वडील एवढ्या मोठ्यानं बोलले की खालचा सायकलवालासुद्धा वर बघेल.

"ग्रंथपाल, बाबा!"

"हाच का तो कुत्र्याचा मालक?"

"हो!"

"काय म्हणतोय?"

"माफी मागतोय!"

"कुणाच्या वतीनं? कुत्र्याच्या?"

"स्वतःच्या, बाबा!"

म्हाताऱ्यानं ग्रंथपालांकडे डोक्यापासून पायापर्यंत सावकाश पाहून घेतलं. वखारीत आलेला ओंडका बघावा तसं. "बरं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. ग्रंथपालांना वाटलं, उभ्या जन्मात आपल्याकडे इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं.

"मी लेखी देतो," ते म्हणाले. "चिटणिसांना पत्र लिहितो, की तुमची काही चूक..."

"पत्र कपाटात जाईल, भाऊ. तुम्हालाच ठाऊक, कपाटात काय काय जातं ते." बाईंनी मान वर केली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "साठ माणसांसमोर तुम्ही म्हणालात की मी काहीतरी केलं. बावीस वर्षं मी तिथे बसते. परवा इंजेक्शनला गेले तर तिथल्या रांगेत एक बाई मला म्हणते, मुक्या जनावराला कशाला छळायचं? मला! माझं बालपण चार कुत्र्यांच्या अंगावर डोकं ठेवून गेलंय." त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. "माझ्या कानात सांगून काय करता? मला ठाऊकच होतं. जिथे बोललात तिथे सांगा."

सोमवारी सकाळी अकराला वाचनकक्ष भरलेला होता. ग्रंथपालांनी चिटणिसांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. काउंटरखालचं पोतं रिकामं होतं. ते खोलीच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. साठ माना खाली. एकानंही वर पाहिलं नाही. पाहणार कसे? त्यांनीच तशी सवय लावली होती. लक्ष वेधायला त्यांचा हात पट्टीकडे गेला. पट्टी हातात आली. टेबलापासून चार बोटांवर ती थांबली, आणि त्यांनी ती हळूच आडवी ठेवून दिली. तिचा काही आवाज झाला नाही.

"जरा ऐका," ते म्हणाले.

कोपऱ्यातून कुणीतरी न बघताच म्हणालं, "शूऽऽ!"

मग ज्यानं म्हटलं त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. एकेक मान वर झाली. पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"गुरुवारी बाइंडरबाईंना कुत्रा चावला. मी म्हणालो, त्यांनी काहीतरी केलं असेल. मी पाहिलं नव्हतं. माझी पाठ होती तिकडे. त्यांनी काही केलं नव्हतं. त्याचा कान दुखत होता, त्याला काहीतरी होतंय हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा मी त्यांना गप्प केलं." त्यांनी श्वास घेतला. "आणि तो गुरगुरत नाही, कारण गुरगुरला की मी त्याला मारायचो. या पट्टीनं. तुम्ही ज्याचं कौतुक करत होता तो शहाणपणा नव्हता. तो घाबरलेला होता. त्याची लसही चार महिने चुकवली होती मी. बाईंना सगळी इंजेक्शनं घ्यावी लागताहेत. एवढंच."

त्या खोलीत काही बोलायची माणसांना सवयच नव्हती. फक्त पेपरवाले आजोबा उठून उभे राहिले. तिसरं वर्तमानपत्र त्यांच्या हातात अर्धवट उघडं होतं.

"सर, म्हणजे आमच्या लेकीचा कुत्रा..."

ग्रंथपालांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही सांगितलंत तसंच करतोय जावई. महिना झाला. आता जेवताना गुरगुरत नाही म्हणून सगळे खूश आहेत." आजोबांचा आवाज बारीक झाला. "नात रांगायला लागलीय हो. त्याच्या ताटलीपर्यंत जाते."

"आत्ता फोन करा," ग्रंथपाल म्हणाले. "इथूनच करा. मोठ्यानं बोललात तरी चालेल."

आजोबांनी काउंटरवरच्या फोनवरून फोन लावला, आणि ते खरंच मोठ्यानं बोलले. पोरीला उचलून घ्या, जेवताना तो एकटा दुसऱ्या खोलीत असू दे, त्याला मारू नका, मारू नका म्हणतो ना! वाचनकक्ष ऐकत राहिला. ग्रंथपाल तिथेच उभे होते. बसावं कुठे ते त्यांना कळत नव्हतं.

नंतर चिटणीस त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, हे सगळ्यांसमोर कशाला? माझ्या कानात सांगितलं असतंत तरी मी बाईंना परत बोलावलं असतं."

"तुमच्या कानातच सांगितलं होतं ना मी गुरुवारी," ग्रंथपाल म्हणाले.

बाई तीन आठवड्यांनी परत आल्या. चिटणीस स्वतः जाऊन बोलावून आले होते. अंगठ्याजवळची ओढ अजून गेली नव्हती. जाड पुठ्ठ्यातून सुई पार करायची तर त्यांना दोनदा थांबावं लागे. ग्रंथपाल ते पाहत. बाईंना ते पाहतात हे ठाऊक होतं, पण "असू द्या, भाऊ," असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणायला हवं होतं असंही नाही.

ढगू आता घरी असतो. बायकोनं सकाळची पाळी मागून घेतली. ग्रंथपाल दुपारी तासभर घरी येतात आणि त्याला फिरवतात. बाहेर नेताना जाळी. समोरून कुणी कौतुकानं हात पुढे केला तर ते म्हणतात, "नको, त्याला आवडत नाही." पूर्वी हे वाक्य त्यांच्या जिभेवर कधी आलं नसतं. लसीची नवी तारीख दारामागे मोठ्या आकड्यांत लिहून लावलीय. बायको म्हणाली, "खाली रेघ ओढायची राहिली की," आणि ते खरंच जाऊन रेघ ओढून आले.

मंगळवारी, गुरुवारी ते बाईंना विचारतात. तो अशी जांभई देतो, म्हणजे काय? पंजा उचलून धरतो, म्हणजे? ते वहीत लिहून घेतात आणि बाई सुईवरून नजर न काढता सांगतात. कधी म्हणतात, "हे तुम्हाला बघून कळायला पाहिजे, भाऊ. लिहून नाही." काउंटरवर बोलणं चालू असतं आणि समोरच्या माना वर होतात. ग्रंथपाल माना वर होऊ देतात.

कान जवळजवळ बरा झाला होता तेव्हाची गोष्ट. बायको संध्याकाळी औषध घालत होती. त्या दिवशी थेंब जरा गार असावेत. ढगूचं अंग ताठ झालं, त्यानं तोंड फिरवलं, आणि त्याच्या घशातून आवाज आला. अगदी बारीक, पिल्लाचा येतो तेवढा. गर्रर्र.

बायकोनं आनंदानं यांच्याकडे पाहिलं. "ऐकलंत?"

ग्रंथपालांनी ऐकलं होतं. पण त्यांच्या हातानंही ऐकलं होतं. उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता, पट्टी नसलेला, रिकामा. त्यांनी उचलला नव्हता. तो गेला. ढगूनं हात पाहिला, डोळे मिटले आणि तो गप्प झाला. त्या संध्याकाळी पुन्हा आवाज आला नाही.

ते रात्री जेवले नाहीत. बायकोनं आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. त्यांनी बाईंना सगळं सांगितलं, हाताचंसुद्धा. सांगताना ते कार्डांच्या खणाकडे बघत होते. बाईंनी दोऱ्यावर मेण फिरवायचं थांबवलं.

"आवाज आला ना? मग आहे तो अजून आत." त्यांनी आपला उजवा हात उघडून, मिटून पाहिला. "हात लपवू नका. लपवलेल्या हाताला तो जास्त भिईल. त्याला दिसेल असा उघडा ठेवा आणि हलवू नका. किती दिवस लागतील ते मला नका विचारू."

त्या संध्याकाळी ग्रंथपाल घरी आले, पिशवी दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवली आणि कुत्र्यापासून चार हातांवर जमिनीवर बसले. दोन्ही तळहात वर करून गुडघ्यांवर ठेवले. बायको औषधाची बाटली हातात गरम करत बाजूला थांबली.

ढगूनं बाटलीकडे पाहिलं नाही. तो त्यांच्या हातांकडे पाहत राहिला, बराच वेळ. ते बसून राहिले.